वेदीपाशी आठवण



लेफ्टनंट जनरल डब्ल्यू. ए. जी. पिंटो हे वयोवृद्ध ख्रिस्ती सेनानी मार्च 2021 मध्ये पुण्यात वारले. 1971 च्या युद्धात बसंतरच्या लढाईत ते 54 व्या पायदळ डिव्हिजनचे प्रमुख होते. त्याच लढाईत 16 डिसेंबरला 21 वर्षांचे अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. सेनापतींना पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लाभली. त्या तरुणाला नाहीत.

मग योद्ध्याची आठवण कशी करावी? नुसता पराक्रम सांगून ती पुरी होत नाही. संत मोनिकेने मरताना मुलांकडे एवढेच मागितले, की प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण व्हावी. तेथे आठवण प्रार्थना बनते; परतलेले, न परतलेले, शत्रूपक्षाचे मृतही तिच्यात सामावतात. आजच्या मिस्सामध्ये या सर्वांसाठी प्रार्थना करू या.