कोटेशनमध्ये लिहिलेली संध्याकाळ

वेबसाइट बनवण्याचं स्वतःचं काम नुकतंच सुरू केलेली मुलंमुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो : ‘ताई, घर कसं सांभाळता?’ मी त्यांना त्यांचं शेवटचं कोटेशन दाखवायला सांगते. त्यांना वाटतं, मी विषय बदलते आहे. पण त्या दोन पानांत त्यांच्या घरातले पुढचे सहा महिने लिहिलेले असतात. ‘हवे तितके बदल’, ‘चोवीस तास सपोर्ट’ आणि ‘पूर्ण रक्कम काम झाल्यावर’ या तीन ओळी दिसल्या, तर या घरात रात्रीचं जेवण एकत्र होत नसणार, हे मला न विचारता कळतं. आमच्याही घरात ते कित्येक महिने होत नव्हतं.

हिंजवडीतली नोकरी सोडून मी कोथरूडमध्ये काम सुरू केलं, तेव्हा मुलगी लहान होती आणि दिवसाचा मोठा तुकडा नुसत्या प्रवासात जात होता. स्वतःचं काम म्हणजे वेळ आपल्या हातात, या एका वाक्यावर पुण्यात कितीतरी नोकऱ्या सुटल्या असतील. आता ऑफिसात आम्ही चौघं आहोत. गिऱ्हाईक साधंच : दातांचे डॉक्टर, क्लासवाले, मसाल्यांचे व्यापारी, भोसरीतले दोन-तीन कारखाने, आणि परदेशातली थोडी कामं. नवरा चाकणला कंपनीत, सकाळी लवकर बसने जातो. सासूबाई आमच्याबरोबर राहतात.

सुरुवातीला ऑफिस म्हणजे हॉलमधलं टेबल. आई घरीच आहे म्हटल्यावर सिलिंडर, कुरिअर, गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी भरून ठेवायच्या बादल्या, सगळं तिच्याकडे येतं. यात कोणाचा दुष्टावा नसतो. घरात बसलेल्या बाईचं काम डोळ्यांना दिसतच नाही. दिवस असा घराने घेतला की कामाला रात्रच उरते. त्यात पहिलं अमेरिकेचं काम मिळालं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल साडेसातवर येतो. कॅलिफोर्नियाचं गिऱ्हाईक असेल तर रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. कुकरची शिट्टी, मुलीचा अभ्यास, नवऱ्याचं घरी येणं, सगळं नेमक्या त्या तासांत.

घर एका दिवसात बिघडत नाही, म्हणून कळतही नाही. मुलगी शाळेतलं सगळं आजीला सांगू लागली. पालकसभेला आजीच येऊ दे, असं ती सहज बोलून गेली, रुसून नव्हे. तिच्या हिशेबात ती सोय होती. नवरा आणि मी एकाच घरात राहून मोबाइलवर निरोप पाठवत होतो. मग डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला आणि झोपेचं विचारलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेला अभ्यास मी नंतर वाचला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असा त्याचा निष्कर्ष आहे. माझे तास मी मोजले, ते ५५ च्या बरेच वर होते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा २०२४ साली मृत्यू झाला आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. ते वाचताना माझ्या मनात एक विचार आला आणि अजून जात नाही. त्या आईला पत्र लिहायला समोर कोणीतरी होतं. स्वतःच्या धंद्यात माणूस झिजला तर घरच्यांनी पत्र कोणाला लिहायचं? नोकरदाराच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, मालकाच्या नाही. ती त्याने स्वतःच कागदावर घालून घ्यावी लागते, आणि आमच्या धंद्यात तो कागद म्हणजे कोटेशन.

लक्ष्मी रस्त्यावरचे जुने दुकानदार दुपारी शटर ओढून घरी जेवायला जात. त्यावर विनोद करणाऱ्यांनी भरपूर केले. मला त्यात शहाणपण दिसतं. एवढं बंद ठेवूनही त्यांची दुकानं पिढ्यान् पिढ्या चालली. आमच्या दुकानाला शटर नाही आणि व्हॉट्सॲपला कुलूप नाही, म्हणून ते शब्दांनी ओढावं लागतं.

आमच्या कोटेशनमध्ये आता काय असतं ते सांगते. डिझाइनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या, पुढच्या प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे. फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तातडीचं काम कशाला म्हणायचं, तेही लिहिलेलं : साइट पूर्ण बंद पडली, पैसे भरणं अडलं किंवा साइट हॅक झाली. बॅनरचा रंग आवडला नाही, हे त्यात बसत नाही. वेळेबाहेरच्या बाकी कामाला दुप्पट दर. हा दर आम्ही लावला तेव्हा गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटत होती. तुटलं नाही, रात्रीचे फोन तेवढे थांबले. ज्याला खरी अडचण असते तो दुप्पट द्यायला तयार असतो आणि बाकीच्यांचं काम सकाळपर्यंत थांबतं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. परदेशी कामात तर कॉलची वेळ भारतीय घड्याळाने लिहा, संध्याकाळी साडेसातच्या आत, आणि नोव्हेंबरनंतरही तीच राहील असं स्पष्ट करा. घड्याळ त्यांचं सरकतं, आपलं जेवण नाही सरकत.

पैशाची कलमं याहून महत्त्वाची आहेत. कारण घरातल्या भांडणांची सुरुवात वेळेवरून झाली असं दिसतं, पण मुळाशी बहुतेक वेळा अडकलेलं बिल असतं. जूनमध्ये शाळेची फी आणि एका कारखान्याकडे तीन महिन्यांचं येणं अडकलेलं, असं आमच्याकडे झालं. मग मी ती उणीव भरायला आणखी दोन लहान कामं घेतली आणि राहिलेल्या रात्री त्यांत गेल्या. आता ४० टक्के आगाऊ, ३० टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, उरलेले ३० टक्के साइट लाइव्ह होण्याआधी. ‘आधी’ हा शब्द सोडू नका. साइट चालू झाल्यावर मागितलेले पैसे उपकारासारखे मागावे लागतात.

कायदा आपल्या बाजूने आहे आणि फार थोड्या लहान धंदेवाल्यांना तो ठाऊक आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. ती असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत भरलं पाहिजे, असं २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, मुदतीत न भरलेलं असं बिल ते थकवणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. पुढच्या बिलावर आम्ही उद्यम क्रमांक छापला, खाली ४५ दिवसांची एक सभ्य ओळ टाकली आणि कारखान्याच्या अकाउंट्स विभागाचा सूर बदलला. भांडावं लागलं नाही. आलेल्या रकमेतला १८ टक्के जीएसटी त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका, तो आपला नाही. उरलेल्यातून घरखर्चाला ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला पगारासारखी द्या. धंदा चांगला चालला तरी तेवढीच. घराला मोठ्या रकमेपेक्षा ठरलेली रक्कम जास्त उपयोगी पडते.

तांत्रिक शिस्तीचंही थेट घराशी नातं आहे. शुक्रवारी संध्याकाळी साइट लाइव्ह करायची नाही, हा नियम आमच्याकडे कोणासाठीही मोडत नाही, कारण शुक्रवारी उघडलेल्या कामाच्या चुका शनिवारी-रविवारी सापडतात. डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाइकाच्या नावाने, त्याच्या कार्डावर, आपोआप नूतनीकरण चालू ठेवून. एसएसएल प्रमाणपत्रांची मुदत वर्षानुवर्षं कमी होते आहे, २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर येणार आहे. ही नूतनीकरणं आठवणीवर ठेवणाऱ्याला सुट्टी मिळणार नाही. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो परत चढवून बघावा. ज्याने कधी बघितलेला नाही, तो कुलदैवताला गेला तरी मन लॅपटॉपपाशी असतं.

एक दिवस सविस्तर सांगण्यासारखा आहे. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. पहाटेची आंघोळ झाली, फराळ झाला, दुपारी नणंदेची मंडळी यायची होती. साडेबाराच्या सुमारास अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लाउड कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि जगभरच्या असंख्य साइट आणि ॲप अडखळले. आमच्या गिऱ्हाइकांपैकी काहींचं बुकिंग आणि पैसे भरणं त्यावर अवलंबून होतं. फोन सुरू झाले. पुण्यात बसून आम्ही कोणी ते दुरुस्त करू शकत नव्हतो. आधीची मी असते तर संध्याकाळपर्यंत स्क्रीनसमोर बसून राहिले असते, नुसती धीर द्यायला. पण सणाच्या दिवशी एकच माणूस पाळीवर, हे आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी ती पाळी माझीच होती आणि निरोप आधीच लिहून ठेवलेला होता : बिघाड मूळ सेवेत आहे, तुमची माहिती सुरक्षित आहे, सुरळीत होताच कळवतो, दुकानात तोवर रोख किंवा यूपीआय घ्या. तो सगळ्यांना गेला, फोन थांबले आणि मी पानावर येऊन बसले. उरलेल्या तिघांना दुसऱ्या दिवशीपर्यंत काही कळलंही नव्हतं. पाळीची पद्धत कोणत्याही लहान ऑफिसला जमते, दोघंच असली तरी.

घराच्या तारखा धंद्याच्या तारखांशी नेहमी त्याच ठिकाणी टक्कर घेतात. ३१ मार्चच्या आत बिल दाखवायचं म्हणून गिऱ्हाईक घाई करतं, तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात. दिवाळीची ऑफर साइटवर टाकायची असते, तेव्हा घरात चकल्या चाललेल्या असतात. अनंत चतुर्दशीला पुण्याचे रस्ते बंद असतात, त्या आठवड्यात डिलिव्हरीची तारीख देणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून जानेवारीत आम्ही ऑफिसच्या कॅलेंडरवर आधी घरच्या तारखा भरतो, चौघांच्याही : परीक्षा, लग्नं, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, एकाच्या गावची जत्रा. त्यानंतर कामांच्या तारखा. वेळ वाचवणारी ॲप मी बरीच वापरली, त्यांचा मला फारसा उपयोग झाला नाही.

आणि ऑफिस घराबाहेर काढा. लहानशी खोली किंवा दुसऱ्याच्या ऑफिसात दोन टेबलं भाड्याने घेतली तरी चालेल. भाडं जड वाटतं, पण तेवढ्याने घरच्यांना काम दिसू लागतं. पहिल्या दिवशी डबा घेऊन निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आता सिलिंडर मी घेते गं.’ इतके दिवस त्यांना सांगूनही जे पोचलं नव्हतं, ते त्या डब्याने पोचलं.

पहिलं वर्ष मात्र ओढाताणीचं जाणार. त्याला इलाज नाही, आणि आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या वर्षात घरच्यांना तारीख सांगा : अमुक काम या दिवशी संपेल, तोवर माझ्या रात्री जातील. तारखेशिवाय मागितलेला धीर कोणी फार काळ देत नाही.

तुमचं पुढचं कोटेशन पाठवण्याआधी घरातल्या एका माणसाला वाचायला द्या. तांत्रिक भाग सोडून वेळ, सुट्ट्या आणि पैशाच्या ओळी तेवढ्या. आमच्याकडे ते नवरा वाचतो. अलीकडे मुलगीही वाचते, आणि एका कोटेशनमधल्या ‘रविवारी गरजेनुसार’ या शब्दांखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती. ते शब्द काढून आम्ही ते पाठवलं आणि काम मिळालं.