मुखपृष्ठ नसलेले वेळापत्रक

इंग्लंडात एके काळी मुलांच्या गोष्टींच्या साप्ताहिकांबरोबर आगगाड्यांविषयीच्या चिमुकल्या पुस्तिका भेट मिळत. त्या जमविणारे हौशी लोक तेथे आहेत. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांत सापडली तर सापडते रेल्वेची जुनी वेळापत्रक-पुस्तिका. नवी निघाली की जुनी निरुपयोगी. म्हणूनच ती दुर्मिळ!

निपाणीच्या एका विद्यार्थ्याने आजोबांच्या ट्रंकेतून अशी एक पुस्तिका आणली. मुखपृष्ठ गेलेले, साल कोठेच नाही. घरची मंडळी ती रद्दीत घालणार होती.

आम्ही आतील पाने वाचू लागलो. पानाच्या माथ्यावर ‘दक्षिण रेल्वे’ हे नाव होते. बेळगावचा लोहमार्ग प्रथम सदर्न मराठा कंपनीचा होता. १९०८ साली तो मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत गेला, १९५१ साली दक्षिण रेल्वेत, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत आणि २००३ साली दक्षिण पश्चिम रेल्वेत. म्हणजे पुस्तिका १९५१ ते १९६६ मधली. पुढे पाहिले, तर भाडी आण्यांत नसून नव्या पैशांत! दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळाले. पंधरा वर्षांची सात झाली. तिसरा वर्गही तीत होता. तो १९७४ पर्यंत टिकला, तेव्हा त्याने हे अंतर कमी होईना. मिरजेस गाडी बदलण्याची सूचना नव्हती, कारण पुणे-मिरज मार्ग रुंद झाला तो १९७१ साली. तोवर पुण्यापासून बेळगावापर्यंत मीटरगेजच होते.

येथे छापील पुरावा संपला. मात्र कोल्हापूर-पुणे गाडीपुढे पेन्सिलीची एक खूण होती. निपाणीला रेल्वे नाही. गाडीसाठी कोल्हापूर गाठावे लागे. ती खूण कसली, हे घरी विचारून ये, असे मी त्या मुलास सांगितले. (जुन्या पुस्तिकांवरील अशा खुणा खोडरबराने पुसून पुस्तिका ‘स्वच्छ’ करणारे संग्राहक मी पाहिले आहेत. त्यांस काय म्हणावे!)

आजी म्हणाली, “पानशेत फुटलं तेव्हा माझे धाकटे दीर पुण्यात शिकत होते. पत्र नाही, तार नाही. हे त्यांना शोधायला गेले, त्या गाडीची खूण ती. तिसऱ्या दिवशी दोघे परत आले, तोवर घरात चूल पेटली नव्हती.”

पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. सात वर्षांच्या आतच ती तारीख बसत होती. पुस्तिका छापली केव्हा, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याने घातलेल्या नव्या वेष्टनावर एवढेच लिहिले आहे : ‘वापर — जुलै १९६१’.