सेवा करणाऱ्याचे मन का थकते?

घरात कोणी अंथरुणाला खिळले, की सारी वस्ती त्याची विचारपूस करते. पण त्याचे कपडे बदलणारी सून, रात्री तीनदा उठणारी लेक, भावाला डायलिसिसला नेणारा तरुण, यांना कोण विचारतो? काही महिन्यांनी याच माणसांची झोप उडते. ती चिडचिडी होतात. आजाऱ्याची हाक आली, तरी नको वाटते. मग मनात येते, "आपली माणुसकीच आटली की काय?" त्या अपराधी भावनेने मन आणखी खचते. या अंकात आपण या थकव्याविषयी बोलू.

दुखणे एकाचे, तगमग दुसऱ्याची

२००४ साली तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १६ जोडप्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. स्त्री एमआरआय यंत्रात आणि तिचा जोडीदार जवळच होता. कधी तिच्या, तर कधी त्याच्या हाताला विजेचा झटका दिला जाई. झटका त्याला बसतो आहे एवढे कळले, तरी तिच्या मेंदूतला 'इन्शुला' आणि आणखी काही भाग जागे होत. स्वतःला झटका बसल्यावर तगमगीच्या वेळी जागे होणारे हेच भाग. झटक्याची जागा आणि जोर टिपणारे भाग मात्र तसे जागे झाले नाहीत. आपण 'जीव तुटतो' म्हणतो, तो असा. याला सहवेदना म्हणतात. ती नसेल, तर दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळणारच नाही. पण रोज, तासन्‌तास तेच सोसायचे झाले, तर माणूस मोडतो.

सहवेदना वेगळी, करुणा वेगळी

मॅथ्यू रिकार हे फ्रान्सचे जीवशास्त्रज्ञ पुढे बौद्ध भिक्षू झाले. २००७ साली नेदरलँड्समध्ये सिंगर यांच्या प्रयोगासाठी ते एमआरआय यंत्रात झोपले. त्यांनी आजारी, बेवारस मुलांचे दुःख डोळ्यांसमोर आणले आणि केवळ त्या दुःखात बुडून राहिले. तासाभरातच ते पार थकून गेले. मग त्यांनी त्याच मुलांविषयी करुणा मनात आणली. या मुलांचे भले व्हावे, त्यांना जवळ घ्यावे, असा भाव धरला. मुलांचे दुःख तसेच होते, पण त्यांच्या मनाला उभारी आली.

एका भिक्षूचा अनुभव सर्वांना लागू होईलच असे नाही. म्हणून ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी साध्या स्त्रियांना आधी सहवेदनेचे आणि नंतर करुणेचे काही दिवसांचे प्रशिक्षण दिले. दुःखी माणसांच्या चित्रफिती पाहताना, सहवेदनेच्या सरावानंतर त्यांना अधिक त्रास झाला. करुणेच्या सरावानंतर तो त्रास उतरला आणि आपुलकीची भावना वाढली. मेंदूतही जिव्हाळा आणि समाधान यांच्याशी जोडलेले निराळे भाग जागे झाले. दुःख आपल्या अंगात ओढून घेणे ही एक वाट, आणि त्या माणसाचे भले चिंतून हात पुढे करणे ही दुसरी. दुसरी वाट सरावाने शिकता येते.

एकट्याने नव्हे

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. त्याच्याजवळ कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग बुद्धांनी साऱ्या भिक्खूंना बजावले की, इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. तिथे बुद्धही एकटे राबले नाहीत आणि पुढची जबाबदारी त्यांनी साऱ्या संघावर टाकली. आपल्या घरात ती एकाच बाईवर का असावी?

काय करता येईल?

- आजाऱ्याजवळ जाण्याआधी दोन-चार श्वास सावकाश घ्या. "याला आराम पडो" असे मनात म्हणा आणि मग कामाला लागा.
- तीच मैत्रीभावना स्वतःविषयीही धरा. "मलाही बरे राहायचे आहे" हा स्वार्थ नाही.
- रात्रीची पाळी वाटून घ्या. मुलगे, जावई, नातवंडे यांनाही कपडे बदलायला, भरवायला शिकवा.
- शेजारी असाल, तर "काही लागले तर सांगा" म्हणून निघून जाऊ नका. "मंगळवारी दुपारी मी बसते, तुम्ही झोपा" असे नेमके सांगा.
- स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि जेवणाची वेळ चुकवू नका.

करुणेचा सराव झोपेची जागा घेऊ शकत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत लागतो आणि मराठीतही बोलता येते.

तुमच्या गल्लीत कोणाकडे आजारी माणूस असेल, तर या आठवड्यात त्याला भेटायला जा. आणि निघताना, त्याची सेवा करणारी जेवली का, तेही विचारा.