न दिसणाऱ्या मालाची नाकेबंदी

चुंबकीय फितीवर नोंदलेले सॉफ्टवेअर पेटीत घालून मद्रास बंदरात उतरत असे, तोपर्यंत निर्यात-नियंत्रणाचा कायदा अमलात आणणे फारसे कठीण नव्हते. पेटीवर घेणाऱ्याचे नाव असे आणि दोन्ही टोकांना सीमाशुल्क अधिकारी असत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले आणि हीच वस्तू दूरध्वनीच्या तारेतून येऊ लागली. अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने तीही निर्यातच होय.

मग नाके कोठे उभारावयाचे? ते मागणीच्या क्षणी उभारण्यात आले. मागणी करणाऱ्याचा संगणक कोणत्या देशातील आहे हे पाहिले जाते, त्याचे नाव व संस्था विचारली जाते आणि ती निषिद्धांच्या यादीशी ताडून पाहिली जाते. संगणकाचे ठिकाण झाकता येते, म्हणून पहिली चाचणी कच्चीच असते. अणुभट्टीच्या गणितांसाठी लॉस अलामॉस येथे तयार झालेल्या ‘एमसीएनपी’सारख्या सॉफ्टवेअरसाठी तर व्यक्तिशः अर्ज करून छाननीस सामोरे जावे लागते.

या व्यवस्थेतील विसंगती कूटलेखनाच्या बाबतीत सर्वाधिक उघड झाली. १९९६ अखेरपर्यंत अमेरिकेत त्याची गणना युद्धसामग्रीत होत असे. स्वदेशी ग्राहकास १२८ अंशांची किल्ली, तर परदेशी ग्राहकास साधारणतः ४० अंशांची, असा भेद होता. चाळीस अंशांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी भरतात. हा आकडा प्रचंड वाटतो, परंतु १९९५ साली फ्रान्समधील एका संशोधकाने अनेक संगणक जुंपून अशी एक किल्ली आठ दिवसांत शोधून काढली. दुबळे कुलूप मद्रासच्या व्यापाऱ्याच्या वाट्यास आले. शत्रूचे त्यात किती नुकसान झाले, हा प्रश्नच आहे. छापील पुस्तकावर मात्र निर्बंध नव्हता. तेव्हा १९९७ साली ‘पीजीपी’ या कूटलेखन-सॉफ्टवेअरची संपूर्ण संहिता पुस्तकरूपाने छापून युरोपात नेण्यात आली आणि पानांवरून पुन्हा संगणकात उतरविण्यात आली! २००० च्या जानेवारीत हे नियम बरेच सैल झाले.

देशाऐवजी संस्थेवर रोखलेले निर्बंध निराळे. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर, त्याच वर्षी नोव्हेंबरात, अमेरिकेने अनेक भारतीय संस्था आपल्या यादीत घातल्या. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर असलेले कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र त्यांपैकी एक. चेन्नईतील एखाद्या विद्यार्थ्यास जे सॉफ्टवेअर विनासायास मिळे, त्यासाठी येथील शास्त्रज्ञास परवान्याची वाट पाहावी लागण्याचा संभव होता. सर्वांसाठी मुक्तपणे प्रसिद्ध झालेली संहिता तेवढी या बंधनाबाहेर राहिली. नकाराची या केंद्रास सवय जुनी होती. १९७४ च्या चाचणीनंतर समृद्ध युरेनियम मिळेनासे झाले, तेव्हा तेथील द्रुत प्रजनक चाचणी-अणुभट्टीसाठी युरेनियम व प्लुटोनियम यांच्या मिश्र कार्बाइडचे इंधन भारतातच तयार करण्यात आले, आणि १८ ऑक्टोबर १९८५ रोजी ती भट्टी कार्यान्वित झाली.

जानेवारी २०२५ मध्ये कल्पाक्कमचे नाव यादीतून वगळण्यात आले. संस्थेवरील खास बंधन त्यामुळे उठले. अणुभट्टीविषयक सॉफ्टवेअरवरील नियंत्रण वस्तुगत असल्याने ते या वगळण्याने उठत नाही.