लस न घेतलेल्या बाळाला डॉक्टरांनी परत पाठवावे का?

या अंकात आम्ही एक वादाचा प्रश्न घेतला आहे. आई-वडील बाळाला लस टोचून घ्यायला तयार नसतील, तर बालरोगतज्ज्ञाने ‘मग माझ्या दवाखान्यात येऊ नका’ असे म्हणावे काय? अमेरिकेत यावर बरीच वर्षे चर्चा चालू आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असे मत दिले की, वारंवार समजावूनही पालक ऐकत नसतील तर डॉक्टर त्या कुटुंबाला दुसरा डॉक्टर पाहायला सांगू शकतो. हा विचार आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही, म्हणून आधीच बोललेले बरे.

डॉक्टरांची बाजू पोकळ नाही. गोवराचेच घ्या. हा रोग हवेतून पसरतो. रोगी मूल उठून गेले तरी त्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. संरक्षण नसलेले दहा जण जवळ आले तर नऊ जणांना लागण होऊ शकते. आणि गोवराची पहिली लस मिळते नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे बाकावर आईच्या मांडीवर बसलेले सहा-सात महिन्यांचे बाळ, त्याच्या आई-वडिलांनी सगळे वेळेवर केले असले तरी, उघडेच असते. २००८ साली अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात हेच घडले. लस न दिलेला सात वर्षांचा मुलगा स्वित्झर्लंडहून गोवर घेऊन आला आणि तपासणीसाठी दवाखान्यात गेला. त्या वेळी तिथे असलेल्या चार मुलांना गोवर झाला. त्यांपैकी तिघे वर्षाच्या आतले होते. त्या तिघांच्या आयांनी डॉक्टरांना जाब विचारला असता तर काय चुकले असते?

तरीही आमचे मत असे आहे की दार बंद करू नये.

‘दवाखान्याचे दार बंद’ म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. ती १९२९ साली छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, बाईलाच वस्तीबाहेर आणा म्हणाला. तिथेही त्याने तिला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. न्यूमोनिया सांगून, फी घेऊन डॉक्टर गेला. ती बाई वाचली नाही.

जन्मावरून नाकारणे आणि पालकांच्या निर्णयावरून नाकारणे एक नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण निर्णय घेतात आई-वडील आणि दाराबाहेर राहते ते बाळ, ज्याला कोणी विचारलेलेच नाही. लस नाही म्हणून त्या बाळाला न्यूमोनिया, जुलाब, ताप होण्याचे थांबत नाही, उलट त्याला डॉक्टरची गरज जास्तच लागते.

कायद्याचेही थोडे पाहू. आपल्याकडे डॉक्टरांसाठी २००२ सालची आचारसंहिता आहे. तिच्यानुसार कोणाला तपासायचे हे डॉक्टर ठरवू शकतो, मात्र तातडीच्या वेळी त्याने मदतीला यायला हवे, आणि एकदा हाती घेतलेल्या रुग्णाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. लसीची सक्ती करता येते का, हा प्रश्न कोविडच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने संविधानाच्या कलम २१ चा आधार घेऊन कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही असे सांगितले. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच निकालात आहे.

आणि गारगोटीसारख्या ठिकाणी ‘दुसरा डॉक्टर बघा’ याचा अर्थ काय होतो? मोठ्या शहरात दुसरा दवाखाना पुढच्या चौकात असतो. भुदरगडच्या वाडीवस्तीवरून आधी गारगोटी गाठायची, आणि इथे नाही म्हटले तर पन्नासेक किलोमीटरवरचे कोल्हापूर. एसटीचे भाडे, मजुरीचा खाडा, कडेवर तापलेले पोर. असे कुटुंब दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे जाण्याऐवजी अंगारा-धुपाऱ्याकडे वळते. मग लसीविषयी त्याच्याशी बोलणारे कोणीच उरत नाही.

शिवाय ‘नकार’ म्हणून जो लिहिला जातो, तो पुष्कळदा नकार नसतोच. पहिल्या लसीनंतर मांडी सुजली, पोर रात्रभर किरकिरले, म्हणून सासूबाई म्हणाल्या आता नको. कार्ड सासरी राहिले आणि बाई माहेरी. लसीकरणाच्या दिवशी भांगलणीला जायचे होते. याला चालढकल म्हणा, पण विरोध म्हणू नका. चालढकल मोडता येते, पण त्यासाठी माणूस दाराच्या आत असायला हवा.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले. लहान मुले दगावली. लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले त्यात बरीच होती. तेव्हा महापालिकेचे कर्मचारी दारोदार फिरले, मौलवींची मदत घेतली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला. लोकांनी लस नाकारली म्हणून त्यांना दवाखाना नाकारला असता तर साथ वाढलीच असती.

दार उघडे ठेवूनही बाकावरच्या तान्ह्या बाळाला जपता येते. १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांचा दवाखाना पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळावर होता, इतर वस्तीपासून दूर. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथेच नेले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. संसर्ग वेगळा ठेवायचा आणि रोग्यालाही आत घ्यायचे, हे तेव्हाही सुचले होते. आज डॉक्टरांनी एवढे करावे: ताप आणि पुरळ असलेल्या मुलाला बाकावर बसवू नये, वेगळ्या दाराने किंवा वेगळ्या वेळी घ्यावे. आणि आपण, अंगावर पुरळ दिसताच, निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून सांगावे.

ज्यांच्या बाळाचे डोस राहिले आहेत त्यांच्यासाठी: राहिले म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी लस देता येते, ते सिस्टर पाहून ठरवतील. लसीनंतर अर्धा तास तिथेच बसावे. पुढे ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचे ते त्यांनाच विचारून घ्यावे, सुजेवर काही चोळू नये. कार्ड हरवले असेल तर संकोच न करता तसेच जावे. आशाताईंच्या किंवा सिस्टरच्या नोंदवहीत बाळाचे नाव असते, त्यावरून नवे कार्ड करून मिळते.