बेघरांची रांग : एकोणिसाव्या शतकातील दोन चित्रकार

एकोणिसाव्या शतकातील लंडनचे दारिद्र्य म्हटले की आपल्याला डिकन्सच्या कादंबऱ्या आठवतात. परंतु ते दारिद्र्य वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे करण्यात सचित्र साप्ताहिकांचा वाटाही मोठा होता. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १८४२ साली निघाले. लाकडी ठशावर कोरलेले चित्र खिळ्यांच्या मजकुराबरोबरच छापता येई. त्यामुळे चित्रे स्वस्त झाली. ज्या वस्तीत वाचक कधी पाऊल टाकणार नव्हता, ती वस्ती त्याच्या दिवाणखान्यात आली. ती कोणत्या रूपाने आली, हे दोन चित्रकारांच्या आधारे पाहू.

फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरे आणि लेखक ब्लँचर्ड जेरॉल्ड यांचा 'लंडन : अ पिल्ग्रिमेज' हा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डोरेची १८० चित्रे आहेत. पोलिसांच्या सोबतीने दोघे व्हाइटचॅपेलसारख्या वस्त्यांतून हिंडले. डोरे जागेवर थोडेच टिपून घेई आणि पुढे स्मरणातून चित्र पुरे करी. रेल्वेच्या कमानीखालून दिसणारी, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांची रांग हे त्याचे प्रसिद्ध चित्र. त्यात माणसे आहेत, पण ती मुंग्यांएवढी. दारिद्र्याचा विस्तार आपल्याला कळतो. दरिद्री माणूस मात्र भेटत नाही.

ल्यूक फाइल्ड्सची तऱ्हा निराळी. 'द ग्राफिक' साप्ताहिकाच्या ४ डिसेंबर १८६९ च्या पहिल्याच अंकात त्याचे 'बेघर आणि उपाशी' हे चित्र आले. त्या वेळी तो २६ वर्षांचा होता. कडाक्याच्या थंडीत, भिंतीच्या कडेने काही माणसे रांगेत उभी आहेत. १८६४ च्या कायद्याने बेघरांसाठी रात्रनिवाऱ्याची सोय केली होती. पण तेथे प्रवेश मिळण्यासाठी पोलीस ठाण्यातून चिठ्ठी आणावी लागे. ही रांग त्या चिठ्ठीसाठी आहे. लेकराला छातीशी धरलेली आई, अंग चोरून उभे असलेले पुरुष, असा प्रत्येकजण आपापल्या दुःखासह वेगळा दिसतो. चित्रकार त्यांच्यासमोर, त्याच फुटपाथवर उभा आहे.

चित्रकार मिले याने हे चित्र डिकन्सला दाखविले आणि डिकन्सने आपल्या अखेरच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीची चित्रे फाइल्ड्सकडे सोपविली. पुढे याच विषयावर त्याने मोठे तैलचित्र केले. १८७४ साली रॉयल अ‍ॅकॅडमीत ते पाहण्यास एवढी गर्दी लोटली की चित्रापुढे कठडा बसवावा लागला. जिवंत रांगेकडे पाठ फिरवून जाणारे नागरिक रंगविलेल्या रांगेपुढे स्वतः रांग लावतात, ही विसंगती विचार करायला लावते. औषधांच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या टॉमस हॉलोवेने पुढे ते चित्र विकत घेऊन आपण स्थापन केलेल्या महिला महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवले.

मग अशा चित्रांचा उपयोग काय? करुणा जागविणे एवढाच असेल, तर ती प्रदर्शनाच्या दारातच विरून जाते. फाइल्ड्सचे मोठेपण करुणेपुरते नाही. निवाऱ्यासाठीही चिठ्ठी लागते आणि त्या चिठ्ठीसाठी थंडीत तिष्ठावे लागते, ही व्यवस्थाच त्याने चित्राचा विषय केली. डोरे आपल्याला गरिबांची संख्या दाखवितो. फाइल्ड्स ते कोणाच्या दाराशी उभे आहेत ते दाखवितो. दारिद्र्याचे कोणतेही चित्र पाहताना चित्रकार कोठे उभा होता, हे आधी पाहावे. आपण कोठे उभे आहोत, हा प्रश्न त्यामागोमाग येतोच.