बटाट्याच्या पानावरील शत्रू

वनस्पतींनाही रोग होतात हे आपण सारे जाणतो. परंतु रोग आणणारा जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा योग क्वचितच येतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरीही शाळेच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बटाट्याचे करपलेले पान पाहिले, तेव्हा इतिहासातील एक प्रकरण आम्हांस नव्याने उमगले.

कोकणातला बटाटा येथे माळव्यात आलू होतो आणि त्याचा करपा झुलसा. हा करपा दोन प्रकारचा. लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात व त्यांत एकात एक अशी वर्तुळे दिसतात. उशिरा येणाऱ्या करप्यात पाणी मुरल्यासारखे काळपट डाग पडतात आणि दमट सकाळी पानाच्या खालच्या अंगास, डागाच्या कडेने, पांढुरकी लव दिसते. हाच अधिक भयंकर.

ती लव सुईने अलगद उचलून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात ठेवावी, वर पातळ काच ठेवावी व शंभरपट मोठी करून पाहावी. पर्णरंध्रांतून बाहेर आलेले, फांद्या फुटलेले नाजूक तंतू दिसतात. त्यांच्या टोकांशी लिंबाच्या आकाराच्या चिमुकल्या पिशव्या लटकलेल्या असतात. एका मिलिमीटरात अशा तीसेक पिशव्या सहज मावतील! थंड पाण्यात एकेका पिशवीतून अनेक बीजाणू बाहेर पडतात आणि दोन केसांसारख्या शेपट्यांनी पोहू लागतात. हवा उबदार असल्यास पिशवीलाच अंकुर फुटतो. पान ओले राहिले की हा अंकुर आत शिरतो. म्हणूनच ढगाळ, थंड व दमट हवा याच्या पथ्यावर पडते.

१८४५ साली हाच रोग आयर्लंडमध्ये पसरला. तेथील गरिबांचे पोट जवळजवळ एकट्या बटाट्यावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथींनी मेली; तितक्याच लोकांनी देश सोडला. धान्य मात्र त्या देशातून बाहेर जातच राहिले. तेव्हा दुष्काळ केवळ बुरशीने घडविला, असे म्हणता येत नाही.

त्या काळी पुष्कळ विद्वानांचे मत असे की, बटाटा हवेने कुजतो व मग त्यावर बुरशी येते. बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये उलट सांगितले : बुरशी हेच कारण, कुजणे हा परिणाम. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६१ मध्ये ते प्रयोगाने सिद्ध केले आणि १८७६ मध्ये या जीवास ‘फायटोफ्थोरा’, म्हणजे वनस्पतिनाशक, असे नाव दिले. आज शास्त्रज्ञ त्यास खरी बुरशी मानीत नाहीत. त्याच्या पेशिभित्तीत सेल्युलोज असते व त्याचे नाते तपकिरी शेवाळांशी अधिक जवळचे आहे. भारतातील वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणारे बटलर हे आयर्लंडमध्येच जन्मले होते, हाही एक योगायोग.

आता उपाय. निरोगी बियाणे वापरावे. सडके बटाटे शेताच्या बांधावर टाकू नयेत. वरंब्यांस मातीची भर द्यावी, म्हणजे पानांवरून धुपून आलेले बीजाणू कंदापर्यंत पोचत नाहीत. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण किंवा आजची बुरशीनाशके रोग दिसण्यापूर्वीच फवारावी लागतात. आत शिरलेल्या शत्रूपुढे फवारा बहुधा हतबल ठरतो.

“मावठ्याने पीक जाळले,” असे आपण ऐकतो. मावठा केवळ संधी देतो. जाळणारा निराळाच असतो. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी आभाळ भरून येताच वर पाहून थांबू नये. वाकून पानाची खालची बाजूही पाहावी.